रंगनाथची सहा चाकं

१

ट्रक उलटायच्या आधी त्याचं चाक सखूबाईच्या टपरीपाशी येऊन उभं राहिलं होतं.

पेठजवळच्या उतारावर, शुक्रवारी सकाळी साडेसहाला, सखूबाई चहाचं आधण ठेवत होती. तिने पोलिसांना सांगितलं ते असं: आधी चाक आलं. उभंच्या उभं, चांदीसारखं चकाकत, कुणी हात धरून आणावं तसं. रस्ता ओलांडून ते तिच्या भिंतीला टेकलं आणि थांबलं. आडवंही पडलं नाही. मग वरून मोठा आवाज आला आणि टोमॅटोचे क्रेट रस्ताभर पसरले. निमगाव सावाचा सार्थक, वय सत्तावीस, केबिनमध्येच गेला.

दुपारपर्यंत जुन्नरमध्ये सगळ्यांना कळलं होतं की ती ॲल्युमिनियमची चाकं राजमहंमदच्या गॅरेजमध्ये बसवलेली होती. संध्याकाळी त्यावर आणखी एक गोष्ट चढली. चाकं म्हणे मेलेल्या माणसाच्या गाडीची होती. घाटात गेलेल्या गाडीची. मालक आपली चाकं परत न्यायला आला होता.

रविवारी आयेशा पुण्याहून घरी आली तेव्हा गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आतून आवाज येत होता. टण्. टण्. टण्. मग थोडी शांतता, आणि पुन्हा टण्.

राजमहंमद जमिनीवर बसले होते. हातात छोटी हातोडी. भिंतीशी ठेवलेल्या जुन्या एक्सलच्या चाकाचा एकेक नट ते ठोकत होते आणि कान लावत होते.

"अब्बा, काय चाललंय?"

"आवाज ऐकतोय. घट्ट नट बोलतो. सैल नट आवाज गिळतो."

"ते चाक दोन वर्षं इथेच पडलंय. ते कुठे जाणार आहे?"

"ते पण कुठं जाणार नव्हतं," ते म्हणाले आणि पुढचा नट ठोकला.

शटरखालून वाकून हवालदार हौशीराम आत आला. ओळखीचा माणूस, पण आज त्याने टोपी काढली नाही. "राजूभाई, उद्या दुपारी जबाब. फिटिंगमध्ये चूक निघाली तर निष्काळजीपणाचा गुन्हा लागंल. मी काय करणार?" राजमहंमदांनी मान हलवली. हौशीराम निघाला, आणि आयेशा त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेली.

"काका, चूक त्यांचीच कशावरून?"

"पोरी, मला चाकातलं काय कळतंय? पण एक सांगतो." त्याने आवाज खाली आणला. "सार्थकचा शेवटचा फोन गुरुवारी संध्याकाळी तुझ्या वडलांना गेलाय. पाच मिनिटं बोललेत. काय बोलले विचारलं, तर गप बसतात."

२

आयेशा पुण्यात मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. एखादा काटा चुकतोय अशी शंका आली, तर आधी आपला स्वतःचा काटा तपासायचा, हा तिथला पहिला नियम. इथे स्वतःचा काटा म्हणजे अब्बा. ते एकसष्ट वर्षांचे होते, साखरेचा आजार होता, बोटं अधूनमधून बधिर व्हायची.

"सगळं पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "मी तुमची मुलगी नाही असं समजा."

ते कसंनुसं हसले, पण सांगायला लागले.

ॲल्युमिनियमची चाकं हवीत हा सार्थकचा हट्ट. लोखंडी चाकापेक्षा एकेक चाक पंधरा-सोळा किलोने हलकं. सहा चाकांचे म्हणजे नव्वदेक किलो वाचतात, तेवढ्यात चार क्रेट टोमॅटो जास्त बसतात, असा त्याचा हिशोब. पण सहाचाकी, मध्यम वजनाच्या ट्रकला तशी चाकं मिळणं सोपं नव्हतं. मोठ्या ट्रेलरची मिळत, लहान टेम्पोची मिळत. याला आठ भोकं हवीत, भोकांच्या वर्तुळाचा व्यास दोनशे पंचाहत्तर मिलिमीटर, मधलं भोक दोनशे एकवीस. राजमहंमदांनी हे आकडे पाकिटात ठेवून दोन महिने भंगाराचे बाजार पालथे घातले. एकीकडे भोकं जुळायची तर मधलं भोक लहान निघायचं. शेवटी पुण्यात एका भंगारवाल्याकडे सहाची सहा मिळाली, मातीने माखलेली.

"घाटात गेलेल्या गाडीची?"

"भंगारवाला तसं म्हणाला. मी सार्थकला सांगितलं. तो हसला. घरी जाऊन आईला पण हसत सांगितलं त्यानं." ते थांबले. "एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. तारेच्या ब्रशनं घासताना एका चाकावर नाव निघालं. ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं. रंगनाथ. जो भाग हबला, आसाच्या टोकावरच्या चकतीला चिकटतो, तिथंच. भंगारवाल्याला पण माहीत नव्हतं. पोराच्या मनात भलतंसलतं नको यायला म्हणून ते चाक मी मागच्या जोडीत, आतल्या बाजूला बसवलं. चाक उतरवल्याशिवाय ते नाव दिसायचं नाही."

"ॲल्युमिनियमचं चाक जाड असतं. बोल्ट जुनेच ठेवलेत?"

"वेडी का तू? सगळे लांब टाकले. सोमवारी बसवली. शंभर किलोमीटर पळाल्यावर गुरुवारी तो परत आला, तेव्हा पुन्हा आवळून रेघा मारल्या."

रेघा तिला माहीत होत्या. शेवटचं आवळून झालं की ते बारीक कुंचल्याने नटावरून चाकावर एक सरळ पिवळी रेघ ओढत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसे.

"आणि त्यानंतरच्या गुरुवारी फोन आला," आयेशा म्हणाली.

बाहेरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं.

"पुढच्या चाकातून टकटक येतंय म्हणाला. हळू चाललं की येतं. मी म्हणालो, माझं आवळून झालंय, नटाला काही होत नाही, दगड अडकला असेल. माल टाकून ये, मग बघू." त्यांनी हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "मी 'गाडी हलवू नको' म्हणायला पाहिजे होतं, आयेशा. दिवसभर तेच ऐकू येतं मला. त्याची टकटक."

३

ट्रक ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत होता. क्रेनने सरळ केलेला, पण एका बाजूने चेपलेला. निसटलेलं चाक त्याला टेकवून ठेवलं होतं. बाकी सगळ्यावर धूळ, माती, सुकलेला टोमॅटोचा रस. चाक मात्र चकचकीत. त्यात आयेशाला स्वतःचा चेहरा वाकडा होऊन दिसला, आणि तिने नजर काढून घेतली.

सोमवारची सकाळ होती. हौशीराम सावलीत उभा राहून तिच्याकडे बघत होता. "हात जपून लाव गं. लोक काय काय सांगत्यात."

तिने आधी भोकं पाहिली. गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती, कडा घासून गुळगुळीत. म्हणजे चाक एका झटक्यात निघालं नव्हतं. कित्येक किलोमीटर ते सैल होऊन मागेपुढे हलत होतं, आणि मग बोल्ट एकामागून एक थकून तुटले होते. त्या सकाळी कुणी येऊन नट काढले, हे शक्य नव्हतं. हबमध्ये उरलेले दोन बोल्ट तिने मोजले. लांबच होते. तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

मग ती उजव्या बाजूला गेली. तिथलं पुढचं चाक जागेवर होतं. ओल्या फडक्याने तिने चिखल पुसला. पिवळ्या रेघा दिसायला लागल्या.

आठातली एकही रेघ जुळत नव्हती. एका नटावरची वर बघत होती, दुसऱ्याची खाली, तिसऱ्याची मागे. आपोआप सैल झालेला नट थोडासा सरकतो, आणि तोही एकाच दिशेला. हे नट पूर्ण काढून, मिसळून, वाटेल तिथे परत लावलेले होते. मागची चाकंही तशीच.

"काका, अब्बांनी आवळल्यानंतर कुणीतरी सगळी चाकं उतरवली होती."

"म्हंजे कुणी घात केला?"

"घात करणारा एक चाक सैल करून पळेल. इथे कुणीतरी सगळी काढून, सगळी परत बसवून, घट्ट करून गेलंय." ती बोलता बोलता थांबली. हे वाक्य तिला स्वतःलाच भीतिदायक वाटलं. शत्रू नाही, चोर नाही. मग कोण?

ती डाव्या बाजूच्या उघड्या हबकडे परत आली. त्यावर केशरी थर होता. सगळ्यांनी तो गंज समजून सोडून दिला होता. तिने नखाने खरवडून कागदावर घेतला. गंज भुकटी होतो. हे चिकट होतं, आणि कागदावर तेलाचा डाग पसरला. बाहेरच्या कडेला तर तो पिळून आल्यासारखा जाड साचला होता.

तिने अब्बांना फोन लावला. "हबवर तुम्ही काय लावता?"

"काहीच नाही. घासून, पुसून कोरडा. तिथं धातूला धातूच भिडला पाहिजे. का गं?"

४

बोरी बुद्रुकच्या भगवंतने सार्थकशी नारायणगावच्या बाजारात चारचौघांत भांडण केलं होतं. "बघू किती दिवस फिरवतोस ती चाकं," असं तो म्हणाला होता, आणि ते ऐकणारे पन्नास जण होते. आयेशा गेली तेव्हा तो आपल्या ट्रकखाली आडवा होता. तिचं नाव ऐकून बाहेर सरकला.

"या ताई. मला वाटलंच व्हतं कुणीतरी येणार. पोलिसाच्या आधी तुमी आला." त्याने हात पुसले. "भांडलो, खरंय. त्याच भंगारवाल्याकडं मी आधी बोलून ठेवलं व्हतं, अन् तुमचे वडील उचलून घेऊन गेले. डोकं फिरलं माझं. पण मला सांगा, मी रातीचा चाकापाशी गेलो असतो, तर सैल करून माघारी आलो असतो का? सहाच्या सहा घरी आणली असती की, राव!"

तिला हसू आलं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं.

भगवंतचा चेहरा उतरला. "चांगला व्हता पोरगा. तोंडाचा फटकळ, पण गाडी जिवापाड जपायचा. आता अमावस्येला बी ती चाकं बघितली ना मी, तवा मनात आलं, किती निगा राखतोय."

"कुठे बघितली?"

"निमगावला. एका पाव्हण्याच्या दहाव्याला गेलो व्हतो. त्याच्या चुलत्याच्या, चिमाजीच्या आवारात ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला. भरदुपारी. अन् चाकं भुईवर ओळीनं मांडलेली, बायांनी पापड वाळत घालावेत तशी. सार्थक काय दिसला न्हाई. तो म्हणं घोडेगावला दोस्ताच्या लग्नाला गेलेला."

"अमावस्या म्हणजे अपघाताच्या आधीचा रविवार?"

"तोच. का वं? पांढरी का पडली तुमी?"

५

चिमाजी साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होता. सार्थकचे वडील गेल्यावर पोराला हाताशी धरून पाना कसा धरायचा ते यानेच शिकवलेलं. आयेशाला त्याने ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्याकडे न बघता आवाराकडे बघत राहिला. तिथे लाकडाचे चार ठोकळे अजून पडलेले होते.

"त्या रविवारी ट्रक इथे उभा होता, काका?"

"व्हता. पंक्चर काढलं. एक चाक खोललं, बास."

"एकच?"

"एकच. दुसऱ्याला हात बी लावला न्हाई. कोण लावंल?" तो एकदम तिच्याकडे वळला. डोळे तांबारलेले होते. "पोरी, तुझ्या बापाचा दोष न्हाई, मी कुणालाबी सांगंन. पण माणसाचा बी दोष न्हाई. ज्याची चीज त्यानं नेली. नावच हाय त्याचं तिच्यावर. रंगनाथ. ठिपक्या-ठिपक्यांचं. मेलेला माणूस नाव घालून ठेवतो, अन् आपण ती चाकं फिरवतो. मग?"

उन्हात असूनही आयेशाच्या अंगावर काटा आला. भुताचा नव्हे.

"ते नाव कुठे आहे, काका?"

"चाकावर."

"कुठल्या?"

चिमाजीने पुन्हा आवाराकडे तोंड फिरवलं.

"मागच्या आतल्या," ती हळू म्हणाली. "जो भाग हबला चिकटतो, त्यावर. ते चाक अजून ट्रकलाच आहे, पोलिसांनीही उतरवलेलं नाही. अब्बांनी ते नाव माझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही, सार्थकलासुद्धा नाही. आणि तिथपर्यंत पोचायचं तर आधी बाहेरचं चाक काढावं लागतं. तुम्ही सगळी काढलीत. हबवर शेंदूर लावलात. खरं ना?"

आत कुठेतरी भांडं पडलं. चिमाजीने दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि त्यांच्यातूनच बोलायला लागला.

"वहिनीला, साळुबाईला, झोप न्हवती. चाकं रातीची गुणगुणतात म्हणायची. देवरुषाकडं गेली. तो म्हणाला, तेलात शेंदूर कालवून चाकाच्या पोटात भरा, जो हाय तो बाहेर येणार न्हाई. मी म्हणालो, वहिनी, मशिनीत असलं काय घालू नये. ती रडली. एकच पोरगं तिचं." त्याने हात खाली घेतले. "पण आवळलं मी, पोरी. पाइप लावून, जिवाच्या जोरानं आवळलं. पस्तीस वर्षं आवळतोय."

"तुम्ही आवळलं ते शेंदरावर आवळलं. चाक काही नटांवर लटकत नाही. नट त्याला हबवर दाबून धरतात, त्या दाबानेच ते टिकतं. मधे मऊ थर असला की ब्रेकच्या उष्णतेने तो पातळ होतो आणि कडेने बाहेर येतो. कागदाएवढी जागा झाली तरी बोल्टाचा सगळा ताण जातो."

"ठाऊक हाय. नवं बसवलं की शंभर किलोमीटरनं पुन्हा आवळायचं, मला का ठाऊक न्हाई?"

"मग सार्थकला का नाही सांगितलं?"

चिमाजीचा आवाज अगदी बारीक झाला. "देवरुषी म्हणाला व्हता. ज्याच्यासाठी करताय त्याला कळू द्यायचं न्हाई. कळलं की बांधलेलं सुटतं. मी चार दिस वाट बघत व्हतो, काहीतरी निमित्त काढून ट्रक बोलावीन. तो हातालाच लागला न्हाई. माल, माल, माल."

त्याने तिचा हात धरला. "मी ठाण्यात जातो. आत्ता जातो. चाकं मी सोडली म्हणून सांगतो. पण वहिनीचं नाव नगं. तिला अजून वाटतंय, तिनं राखलं व्हतं त्याला."

६

गॅरेजमध्ये आयेशाने सगळं सांगितलं तेव्हा राजमहंमद ऐकता ऐकता भिंतीला टेकले. दोष त्यांचा नव्हता. पण चेहऱ्यावर सुटकेची खूण उमटली नाही.

"म्हणून तो मला बोलला नाही, चाकं काढली होती ते," ते म्हणाले. "त्यालाच माहीत नव्हतं. माहीत असतं, तर फोनवर पहिलं तेच बोलला असता. अन् मी म्हणालो असतो, बाबा, जिथं आहेस तिथं थांब."

"हौशीरामकाका दोन वाजता येतील. जबाब मी लिहिते."

"लिही. चाकं कुणी सोडली, तेवढंच विचारतील. का सोडली, ते आपण होऊन लिहू नको."

ती कागद घेऊन बसली. चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात शटरखालून एक बाई वाकून आत आली. हिरव्या काठाचं लुगडं, कपाळ कोरं, पायांवर एसटी स्टँडपासूनची धूळ. साळुबाई.

राजमहंमद उठून उभे राहिले.

"बसा राजूभाई. भांडायला न्हाई आले." तिने चपला दाराशी काढल्या. "भावजी ठाण्यात गेलाय. का, ते सांगंना, माझ्याकडं बघंना. घरात कुणीच बघंना. तवा म्हणलं, तुमची पोरगी शिकलेली हाय, तिला इचारावं." ती आयेशासमोर खाली बसली. "शेंदूर लावला व्हता मी. सांगितलं तसा, मुठीमुठीनं लावला. तरी त्यानं नेलंच कसं?"

राजमहंमद घाईने म्हणाले, "साळुताई, नशीब असतं एकेकाचं. चहा घ्या आधी."

"चहा नगं. तिला बोलू द्या."

आयेशाला आपली नोकरी आठवली नाही, पुस्तकं आठवली नाहीत. समोरच्या बाईच्या नखांच्या कडेला अजून बारीक केशरी रेघ होती, तेवढीच दिसत होती. खोटं बोलणं एका शब्दाचं काम होतं. रंगनाथ.

"काकू," ती म्हणाली, "नेणारं कुणी नव्हतं. शेंदूर मऊ असतो."

तिने सावकाश सांगितलं. हब, चाक, दोन्हींमधला थर, तापणं, पिळून बाहेर येणं. एकही अवघड शब्द वापरला नाही. सांगून झाल्यावर साळुबाईने आपले दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून दाबले, जरा सरकवून पाहिले.

"अन् त्याला सांगितलं असतं तर? शेंदूर लावलाय म्हणून?"

राजमहंमदांनी मुलीकडे पाहून मान हलवली. नको.

"तर त्याने पुन्हा आवळून घेतलं असतं," आयेशा म्हणाली. "किंवा अब्बांनी त्याला थांबवलं असतं. तो वाचला असता, काकू."

साळुबाई रडली नाही. तिचा चेहरा मात्र तिथल्या तिथे म्हातारा होत गेला.

मग तिने कागदाकडे बोट केलं. "ह्यात काय लिवलंय?"

"चिमाजीकाकांनी चाकं सोडली, ते."

"का सोडली?"

"ते लिहिलं नाही."

"लिव्ह."

"साळुताई, काय गरज नाही," राजमहंमद म्हणाले. "माझ्यावरचं गेलं. पुरे झालं."

"तुमच्यावरचं गेलं, चाकावरचं कुठं गेलं? गावात चार घरं अशी हाइत, दारात जुनी गाडी अन् मनात भ्या. कालच एक बाई मला देवरुषाचं घर इचारत आली व्हती. तिचा बी पोरगा ट्रकवर हाय." तिने पदर सारखा केला आणि पाठ ताठ केली, फोटोला बसावं तशी. "घे पोरी. माझ्या तोंडचं लिव्ह. मी साळुबाई, राहणार निमगाव सावा. चाकं सोडायला मी सांगितलं. शेंदूर माझ्या हातानं लावला." ती थांबली, आणि आयेशाचं पेन कागदावर तिला गाठेपर्यंत वाट बघत राहिली. "अन् माझ्या पोराला हे सांगू नगा, असं बी मीच सांगितलं."